उठा, बसा, पुन्हा उठा : सोलापूरच्या पूर्व भागातल्या ज्येष्ठ गटाच्या प्रकल्प नोंदी

११ नोव्हेंबर

दिवाळीचे पाहुणे गेले, घरं रिकामी झाली, म्हणून आजपासून गटाच्या व्यायामाला सुरुवात. जागा अशोक चौकाच्या आतल्या गल्लीतलं समाजमंदिर. सकाळी साडेसात, आठवड्यातून चार दिवस, पाऊण तास. आलेल्यांत बहुतेक जणी आयुष्यभर विड्या वळलेल्या. यंत्रमागावर काम केलेले थोडे पुरुष, दोन निवृत्त शिक्षिका. सगळे साठीपुढचे, एक अक्का ऐंशीच्या.

चटया टाकून होईपर्यंत पहिला प्रश्न आला. "ताई, आम्ही काय कमी राबलाव का, आता परत व्यायाम कराय?" प्रश्न रास्त आहे, आणि या प्रकल्पाचा खरा विषय तोच आहे. ज्यांचं शरीर पन्नास वर्षं कामाला जुंपलेलं होतं त्यांना म्हातारपणी विसावा हवा असतो. तो मागायचा त्यांना हक्क आहे. व्याख्यान देऊन हा प्रश्न सुटणार नाही.

मी एवढंच विचारलं की कामात अंगाचा कोणता भाग चालायचा? "बोटं," सगळ्या एकदम म्हणाल्या. मांडीवर सूप, वाकलेली पाठ, आणि ठरलेल्या विड्या पुऱ्या होईपर्यंत बैठक मोडायची नाही. मागावरच्यांचं उलटं, पाळी संपेपर्यंत उभंच. मग मांड्यांना, पोटऱ्यांना त्यातून ताकद मिळाली का? यावर बराच वेळ बोलणं चाललं. एक अण्णा म्हणाले, "पायाला सूज मिळाली, ताकद न्हाई." आज व्यायाम फारसा झाला नाही. हे बोलणं झालं ते बरं झालं.

१४ नोव्हेंबर

चाचणी. अर्ध्या मिनिटात खुर्चीतून किती वेळा पूर्ण उभं राहता येतं ते मोजायचं. खुर्ची भिंतीला टेकलेली, हात छातीवर आडवे. हाताचा आधार घेतला तर शून्य. ६५ ते ६९ वयाच्या बाईला किमान ११, ७० ते ७४ ला १० जमायला हवेत. त्या वयाच्या पुरुषांना दोन्ही गटांत १२. यापेक्षा कमी म्हणजे पडण्याचा धोका. दुसरी चाचणी चालण्याची : खुर्चीतून उठायचं, तीन मीटर जायचं, वळून येऊन बसायचं. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर काळजी घ्यायची.

बहात्तर वर्षांच्या विडीवाल्या अक्कांची वेळ आली. त्यांनी पदर कमरेला खोचला, चष्मा काढून शेजारणीकडे दिला. हात छातीवर ठेवले की ते आपसूक गुडघ्यांवर उतरत होते. पहिल्यांदा मान पुढे आली, अंग अर्धं उचललं आणि धपकन परत खुर्चीत. मी म्हटलं, अक्का, टाचा खुर्चीखाली ओढा, नाक पायाच्या अंगठ्याच्या पुढे येईपर्यंत वाका, मग उठा. दोन्ही मांड्या थरथरल्या, पातळाच्या निऱ्या हलताना दिसल्या, पण त्या उभ्या राहिल्या. अर्ध्या मिनिटात सहा. आकडा किती हे त्यांनी विचारलंही नाही. विचारलं ते असं : "यानं यष्टीची पायरी चढता येईल का गं?"

१८ नोव्हेंबर

अक्कांच्या त्या प्रश्नावरून आजचं काम ठरलं. प्रत्येकाला एक कार्ड दिलं. पूर्वी एकट्यानं करत होता, आता बंद पडलंय आणि परत करायचंय, असं एकच काम त्यावर लिहायचं. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचं शिक्षिकांनी लिहिलं.

कार्डं आता माझ्यासमोर आहेत. यष्टीनं अक्कलकोटला जायचंय, कुणी हात धरायला नको. भजनाला खाली बसायचंय, खुर्चीत नाही. रात्री मोरीला जाताना सुनेला उठवायचं नाही. नातवाला कडेवर घ्यायचंय. नळ आला की घागर स्वतः उचलायचीय. गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेला, जाऊन अक्षता सोहळा (सिद्धेश्वरांच्या प्रतीकात्मक लग्नाचा) उभ्यानं बघायचाय.

वजन कमी करायचंय, साखर आटोक्यात आणायचीय, असं एकाही कार्डावर नाही. आमच्या दवाखान्यात पहिल्याच भेटीत आम्ही नेमकं तेच बोलतो. आजार वाढेल हे सांगून माणूस आठवडाभर येतो. रोज यायला त्याला स्वतःचं कारण लागतं, आणि म्हातारपणी ते कारण बहुतेक वेळा कुणावर भार न होण्याचं असतं. यापुढे व्यायाम कार्डाला जोडूनच सांगायचा. पायरी हवी असेल तिला पायरीचा, मोरी हवी असेल तिला एका पायावर तोल सांभाळण्याचा.

२ डिसेंबर

हजेरी बघून कोडं पडलं होतं. काही दिवस हॉल भरलेला, काही दिवस अर्धा रिकामा, आणि त्याला वाराचा हिशेब लागेना. शेवटी शिक्षिका बाईंनी उलगडा केला : नळाचा दिवस! इकडे पाणी काही दिवसांआड येतं. ज्या गल्लीत पाणी, त्या गल्लीतली बाई घर सोडत नाही. याला आळस म्हणता येणार नाही. हजेरीच्या वहीत आता नळाचा रकाना आखला आहे. ज्यांचा नळ असेल त्यांनी घरीच पाणी भरताना करायचा व्यायाम ठरवला.

त्यासाठी आज हॉलमध्ये कळशी आणली. कळशी दोन पायांच्या मध्ये ठेवायची, लांब नाही. कमरेतून आणि गुडघ्यांतून बसायचं, पाठ सरळ, कळशी अंगालगत धरून पायांच्या जोरावर उठायचं, वळायचं असेल तर पावलं टाकून वळायचं, कंबर पिळायची नाही. आधी रिकामी, मग पाव, मग अर्धी. एका मावशींनी वीस वर्षं पाठीतून वाकून पाणी उपसलंय. त्यांना पहिल्यांदा पायांत ताण जाणवला तेव्हा त्या बाकीच्यांना सांगत सुटल्या.

मोजणी मोठ्यानं करायची असा नियम. श्वास रोखून जोर लावला की रक्तदाब चढतो, तोंडानं मोजलं की श्वास चालू राहतो. मोजणी आधी मराठीत, मग तेलुगूत ओकटी, रेंडू, मूडू, आणि एका आजींच्या आग्रहावरून कन्नडमध्ये ओंदु, एरडु, मूरु. ज्या भाषेत मोजणी, त्या भाषेची मंडळी अंमळ जास्त जोर लावतात!

१० डिसेंबर

थंडी पडली, साडेसातला कुणी येईना. आठची वेळ केली. त्याहून महत्त्वाचं म्हणजे जोड्या लावल्या. एका गल्लीतल्या दोघी. निघताना एकीनं दुसरीच्या दाराशी हाक मारायची, फोन करायचा नाही. फोनवर "आज नको" म्हणता येतं. चप्पल घालून दारात उभ्या असलेल्या बाईला ते म्हणता येत नाही.

१९ डिसेंबर

पुरुषांचा प्रश्न. यादीत नावं आहेत पण माणसं समोरच्या चहाच्या कट्ट्यावर बसतात आणि आमची मोजणी ऐकतात. "बायकांचं हाय ते," असं उत्तर. यांच्यातल्या कित्येकांनी तरुणपणी तालमीत माती अंगाला लावलेली आहे. बाटल्या घेऊन हात वर-खाली करणं त्यांना व्यायाम वाटतच नाही.

सध्या सिद्धेश्वर यात्रेसाठी नंदीध्वजाचा, म्हणजे मिरवणुकीत उभा पेलून न्यायच्या उंच, जड काठीचा, सराव चालू आहे. कट्ट्यावरच्या एका आप्पांनी पूर्वी ध्वज पेललेला आहे. त्यांना म्हटलं, ध्वज पेलताना पाय कसे रोवायचे ते आमच्या गटाला शिकवाल का? ते आले. पायांत खांद्याएवढं अंतर, गुडघे किंचित सैल, नजर वर, आणि भार डावीकडे गेला की उजवा पाय काय करतो ते त्यांनी सावकाश करून दाखवलं. आम्ही तोल सांभाळायला जे शिकवतो तेच, पण त्यांच्या अंगात ते रुजलेलं होतं. त्यांच्यामागून कट्टा आला. त्यांना शिकायला बोलावलं असतं तर ते आले नसते. शिकवायला बोलावलं म्हणून आले. हे माझ्या दृष्टीनं या महिन्यातलं सगळ्यात मोठं काम.

३० डिसेंबर

वजनाच्या पिशव्या तयार. चादरीच्या कारखान्यातून उरलेले तुकडे मिळाले. दोन मावशींनी दुहेरी शिवण घालून पिशव्या शिवल्या, आत धुऊन वाळवलेली वाळू. अर्धा किलो आणि एक किलो, घोट्याला बांधायला नाड्या. खांद्यांसाठी टॉवेल, तोही इथलाच : दोन टोकं धरून डोक्यावरून मागे न्यायचा. विकतचं सामान आणलं असतं तर ते कपाटात राहिलं असतं. स्वतः शिवलेली पिशवी बाई घरी मागून नेते.

१७ जानेवारी

गड्डा झाला. भोगीच्या दिवशी अक्षता सोहळ्याला गटातल्या बऱ्याच जणी गेल्या. ऐंशीच्या अक्का, सोहळा होतो त्या संमती कट्ट्याच्या बाजूला, गर्दीच्या कडेला नातीबरोबर उभ्या होत्या. सोहळा होईपर्यंत उभ्या राहिल्या, पांढऱ्या बाराबंद्या घातलेली माणसं आणि सातही नंदीध्वज डोळे भरून पाहिले. आज त्यांनी कार्ड मागून घेतलं, त्यावर खूण करायला लावली आणि विचारलं, "आता दुसरं काय लिव्हू?"

दुसऱ्या कार्डावर त्यांनी काय लिहायचं याचा सगळ्या गटानं मिळून विचार केला. ठरलं : होम मैदानाला एक पूर्ण फेरी, मध्ये न बसता.

३० जानेवारी

तालमीतले तात्या, वय अठ्ठ्याहत्तर, आज थेट म्हणाले, "या वयात स्नायू कुठले वाढायलेत? माग बंद ठेवला की गंजतो, गंजलेला परत चालत न्हाई." त्यांना १९९० सालचा अमेरिकेतला अभ्यास सांगितला. वृद्धाश्रमातले दहा जण, सरासरी वय ९०, अशक्त. आठ आठवडे पायांना वजन लावून, बेतानं वाढवत व्यायाम दिला. मांडीची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. वयानं स्नायू झिजतात हे खरं, पण भार दिला की नव्वदीतला स्नायूही उत्तर देतो. तात्यांनी किलोची पिशवी मागितली. अर्ध्या किलोनं सुरुवात करायला लावली.

याच आठवड्यात फौजासिंग यांची चित्रफीत दाखवली होती. २०११ मध्ये शंभरी गाठल्यावर टोरांटोची मॅरेथॉन पुरी करणारे. सगळ्यांनी हात जोडले, वाहवा केली. पण त्यातून कुणाचं पाऊल वाढलेलं दिसलं नाही. ते वेगळेच, देवमाणूस, असं म्हणून विषय संपतो. त्याच्या पुढच्याच सत्रात गल्लीतल्या मावशी गुडघ्याला पट्टा बांधून पायरी चढल्या, तेव्हा तीन जणींनी "मला पण लाव" म्हटलं. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बँड्युरा यांनी १९७७ मध्ये हे मांडलं आहे : स्वतःला जमलं हा अनुभव विश्वास सगळ्यात जास्त वाढवतो, मग आपल्यासारख्याच माणसाला जमलेलं बघणं. दुसऱ्यानं समजावणं त्याच्या खाली. म्हणून मी आता कमी बोलते आणि शेजारणीला पुढे करते.

१२ फेब्रुवारी

दोन सूचना, तातडीच्या. मधुमेहामुळे पावलांची जाणीव कमी झालेल्यांनी अनवाणी व्यायाम करायचा नाही, समाजमंदिर असलं तरी. त्यांच्यासाठी कपाटात धुतलेले कॅनव्हासचे बूट ठेवले आहेत, ते फक्त आतच वापरायचे. आणि इन्सुलिन किंवा साखर खाली आणणाऱ्या काही गोळ्या चालू असणाऱ्यांनी उपाशीपोटी यायचं नाही. घाम फुटला, हात थरथरले, घाबरंघुबरं झालं तर थांबून लगेच साखर किंवा ग्लुकोज घ्यायचं. छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर व्यायाम बंद, आणि मला लगेच सांगायचं.

२५ फेब्रुवारी

पुन्हा चाचणी. यष्टीवाल्या अक्का सहावरून दहावर आल्या. ७२ व्या वर्षी हवा तो किमान आकडा. बहुतेकांचं पाऊल पुढे आहे. दोघांचं नाही. एका काकांच्या गुडघ्याची झीज फार पुढची आहे, त्यांची शस्त्रक्रिया ठरली आहे. तरी त्यांना यायला सांगितलं, कारण मांडीची ताकद आधी कमावली तर शस्त्रक्रियेनंतर त्याचा उपयोगच होतो. दुसऱ्या मावशींना एका दवाखान्यात "गुडघ्याला आराम द्या" असं सांगितलं होतं. त्यांनी तो शब्द पाळून चालणंच सोडलं. गुडघेदुखीवर पहिल्या फळीतले उपचार म्हणजे नेमून दिलेला व्यायाम आणि गरज असेल तर वजन उतरवणं. व्यायामानंतर थोडं दुखलं आणि दुसऱ्या दिवसापर्यंत ओसरलं तर चालतं. सूज आली तर भार कमी करायचा. हे त्यांना तीन वेळा वेगवेगळ्या तऱ्हेनं सांगितलं. अजून भीती आहे. त्यांची जोडीदार रोज दारात जाते.

१० मार्च

कळशीवाल्या मावशींचे यजमान गेले. तेरावं झालं तरी त्या येईनात. जोडीदारीण रोज हाक मारून परत यायची. व्यायामाचा विषय काढायची ही वेळ नाही, हे गटाला मला सांगावं लागलं नाही. आज सत्र अर्ध्यात थांबवून आम्ही सगळे त्यांच्या घरी गेलो, बसलो, चहा घेतला. निघताना ऐंशीच्या अक्कांनी त्यांना हाताला धरून गल्लीच्या टोकापर्यंत चालवत आणलं. "एवढंच रोज," म्हणाल्या. आता रोज दोघी संध्याकाळी तेवढं चालतात. हजेरीच्या वहीत ते मी हजर म्हणून धरते.

म्हातारपणात माणूस घरात बसतो त्याचं कारण नेहमी गुडघाच असतो असं नाही. ज्याच्यासाठी उठायचं ते माणूस गेलेलं असतं.

३ एप्रिल

ऊन सुरू. पारा चाळिशीला लागला, मे महिन्यात तो याच्याही वर जाईल. वेळ सकाळी सहा, सात वाजता सगळे घरी. वय वाढलं की तहान कमी लागते, म्हणून तहान लागायची वाट न बघता निघण्याआधी एक पेला, मध्ये एक, घरी गेल्यावर एक. मात्र हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाणी मोजून घ्यायला सांगितलेल्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारूनच. रक्तदाबावरच्या काही गोळ्यांनी लघवी जास्त होते. त्या चालू असणाऱ्यांची नावं वेगळी काढली, त्यांचा रक्तदाब आठवड्याला बघते.

दुपारी घरात फरशीवर आडवं पडून करायचे तीन व्यायाम दिले. उन्हाळा म्हणजे सुट्टी असं एकदा मनानं घेतलं की पावसाळ्यात परत सुरुवात शून्यातून होते.

२१ एप्रिल

एका शिक्षिका बाईंना पुण्याच्या मुलानं मनगटी घड्याळ पाठवलं. त्यावर रोज दहा हजार पावलांचं लक्ष्य. बाई रात्री दहाला अंगणात फेऱ्या मारतात, आकडा पुरा न झाल्यास झोप लागत नाही. दहा हजाराचा उगम १९६५ चा, जपानमध्ये विकायला आलेल्या पावलं मोजणाऱ्या यंत्राच्या नावात तो आकडा होता. वैद्यकीय संशोधनातून तो निघालेला नाही. २०१९ मध्ये आलेल्या एका मोठ्या अभ्यासात, सरासरी ७२ वर्षांच्या बायकांमध्ये, रोज सुमारे २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण बरंच कमी होतं, आणि साधारण ७,५०० नंतर फायदा आणखी वाढत नव्हता. बाईंचं लक्ष्य आम्ही ५,००० वर आणलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांत आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम हालचाल आहे. चालताना बोलता येईल पण गाता येणार नाही, एवढा वेग. त्याबरोबर दोन दिवस ताकदीचा व्यायाम, आणि वृद्धांसाठी तीन दिवस तोल सांभाळण्याचा. घड्याळ ताकद आणि तोल मोजत नाही. ते आम्ही मोजतो.

९ मे

आजचा विषय : पडल्यावर उठायचं कसं. याची भीती सगळ्यांना आहे, पण ती कुणी बोलून दाखवत नाही. कितीतरी जण बाहेर पडत नाहीत ते याच्यामुळे.

आधी लागलंय का ते बघायचं, घाई करायची नाही. कुशीवर वळायचं. कोपरावर, मग हातावर भार घेऊन रांगायच्या स्थितीत यायचं. रांगत पलंगाकडे किंवा खुर्चीकडे. दोन्ही हात खुर्चीच्या बैठकीवर, जास्त ताकदीचा पाय पुढे, तळवा जमिनीवर, हातांनी आणि त्या पायानं रेटा देऊन उठायचं, वळून बसायचं. गुडघ्याखाली चादरीची घडी. आप्पा आणि मी दोन्ही बाजूंना.

भजनाचं कार्ड असलेल्या आजी दहा वर्षांत जमिनीवर बसल्या नव्हत्या. कुशीवरून रांगायच्या स्थितीत यायला त्यांना सगळ्यात जास्त वेळ लागला. एक हात अंगाखाली अडकला, तो सोडवला, थांबल्या, दम घेतला. उठल्या तेव्हा बाकीच्या ओरडल्या. आजी म्हणाल्या, "थांबा, परत एकदा बसते," आणि बसल्या. तिसऱ्यांदा बसायला निघाल्या तेव्हा मला त्यांना अडवावं लागलं.

१२ जून

पहिला पाऊस. छताला एका कोपऱ्यात गळती आहे, तिकडे चटई टाकायची नाही.

पुढच्या महिन्यापासून हा गट आप्पा आणि दोन्ही शिक्षिका चालवतील. मी आठवड्यातून एकदा येईन आणि नवी चाचणी, नवी माणसं, दुखणी एवढं बघेन. विडी घरकुलात, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीत, दुसरा गट सुरू करायचा आहे. तिकडे पहिले काही दिवस इथल्या मावशी जाणार, कारण तिथल्या बायका माझ्याआधी त्यांचं ऐकतील. दुसऱ्या गटात कार्ड पहिल्याच दिवशी, चाचणी त्यानंतर.

यष्टीवाल्या अक्का गेल्या गुरुवारी अक्कलकोटला जाऊन आल्या. पायरी चढताना कंडक्टरनं हात पुढे केला, तो त्यांनी धरला नाही. परतीच्या गाडीत उभं राहायची वेळ आली, तेही जमलं असं सांगत होत्या. नवीन कार्डावर त्यांनी पालखी लिहिली आहे : शेगावच्या गजानन महाराजांची पालखी सोलापुरात आली की तिच्याबरोबर थोडं चालायचं. अजून तिघी तयार आहेत. किती चालायचं ते आधी ठरवून, तिथून परत आणायला एक रिक्षा सांगून ठेवायची. या चौघींसाठी शनिवारपासून सकाळी अर्धा तास वेगळं चालणं, रस्त्यावर, बूट घालून.

चावी आप्पांकडे, रक्तदाबाचं यंत्र आणि हजेरीची वही शिक्षिका बाईंकडे. वाळूच्या दोन पिशव्यांची शिवण उसवली आहे, सोमवारपर्यंत मावशी शिवून आणतील.